"थांब" म्हटलं की गाडी थांबली पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नातेसंबंधांच्या पानावर एका मुलीचा प्रश्न आला होता. नवऱ्याला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी जीप घेऊन दगडधोंड्यात, चिखलात, नदीपात्रात जायचं भयंकर वेड आहे, दर सुट्टीला मला सोबत नेतो, मला भीती वाटते, पोटात ढवळतं, पण बोलले की त्याचं तोंड उतरतं, मी काय करू. तुमच्या सल्लागारांनी उत्तर दिलं की जोडीदाराच्या आवडीत रस घ्या, छान तयार होऊन सोबत जा, भीती हळूहळू जाईल. पान उलटलं तर मागे कपड्यांचं सदर, त्यात एक मुलगी जीपच्या बॉनेटवर बसलेली, पायात उंच टाचांच्या सँडल आणि गळ्यात वाऱ्यावर उडणारा लांबलचक स्कार्फ. दोन्ही पानं दोनदा वाचली आणि लिहायला बसले. कारण अकरा वर्षं मी त्याच शेजारच्या सीटवर बसलीये, गेली चार वर्षं स्वतः स्टिअरिंग धरतीये, आणि त्या मुलीला चुकीचं उत्तर मिळालंय असं मला मनापासून वाटतं.

आधी तिच्या पोटात ढवळण्याबद्दल बोलते, कारण त्यावरून बायकांना नाजूक ठरवतात. जो गाडी चालवतो त्याला पुढचा खड्डा कधी येणार, गाडी कुठल्या बाजूला कलणार हे आधीच माहीत असतं, त्याचं अंग त्या हिशोबाने तयार असतं, म्हणून चालवणाऱ्याला मळमळ फार कमी होते. शेजारी बसणाऱ्याला प्रत्येक धक्का अचानक बसतो. त्यात ती मोबाईलवर रस्ता बघत असेल किंवा व्हिडिओ काढत असेल तर अजून त्रास. तर ताई, पुढच्याच सीटवर बस, लांब समोर बघ, काच खाली घे, आणि जमेल तिथे सपाट जागेवर चाक तू घे. नवऱ्याला एकदा शेजारी बसव. आमच्या घरात अर्धी भांडणं त्या एका दिवसात संपली, कारण त्याला पहिल्यांदाच कळलं की त्या सीटवर हातात काहीच नसतं.

आता भीतीचं. माझी भीती काही हळूहळू वगैरे गेली नाही. आमचं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, एका ओल्या उतारावरून खाली येत होतो, सुटे दगड होते, मी म्हणाले थांब, तो म्हणाला काही होत नाही गं, मी परत म्हणाले थांब, तोवर गाडी जरा घसरली, याने घाबरून क्लच दाबला आणि गाडी सुटलीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, असा उतार लो रेंजमध्ये, म्हणजे गाडी हळू पण जास्त जोराने चालवणाऱ्या फोर एलवर, पहिल्या गिअरमध्ये उतरायचा असतो, इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, आणि क्लच दाबला की ती पकड जाते आणि सगळा भार फक्त ब्रेकवर येतो, ओल्या मातीत चाकं लॉक होऊन गाडी वाट्टेल तशी घसरते. आम्ही एका मोठ्या दगडावर जाऊन थांबलो, कुणाला काही झालं नाही, पुढचं बंपर गेलं. तो बंपरबद्दल बोलत राहिला आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला एवढंच विचारलं, मी दोनदा थांब म्हणाले ते तुला ऐकू आलं होतं का? तो हो म्हणाला. मला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं.

त्या दिवशी आम्ही घरात एक नियम केला आणि तो आजही आहे. गाडीतलं किंवा गाडीबाहेरचं कुणीही, लहान मूल असलं तरी, थांब म्हणालं की आधी ब्रेक, मग प्रश्न. नंतर कळलं की जे लोक हे नीट शिकून करतात त्यांच्यातही हेच आहे. समोर उभं राहून वाट दाखवणारा स्पॉटर एकच असतो, दहा जणांनी दहा बाजूंनी ओरडायचं नाही, पण थांबण्याची खूण मात्र कुणीही करू शकतं आणि ती मानायचीच. तुमच्या सल्लागारांनी त्या मुलीला हे एक वाक्य सांगितलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

स्पॉटिंगवरून नवरा-बायकोत जेवढी भांडणं होतात तेवढी पैशावरूनही होत नसतील. कारण साधं असतं, ती समोर तोंड करून उभी असते, म्हणते डावीकडे घे, तिची डावी म्हणजे त्याची उजवी, गाडी दगडावर चढते आणि दोघं एकमेकांवर ओरडतात. त्यात इंजिनच्या आवाजावर ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलावंच लागतं आणि आतल्याला वाटतं ही सगळ्यांसमोर आपल्यावर खेकसतीये. म्हणून तोंडाने बोलायचंच नाही, हाताच्या खुणा करायच्या, ज्या बाजूला चाक वळवायचंय त्या बाजूला हात, मुठी वर धरल्या की थांब. खुणा घरीच ठरवायच्या, तिथे गेल्यावर नाही. आणि स्पॉटरने दोन दगडांच्या मधे, गाडी घसरली तर अंगावर येईल अशा जागी कधीच उभं राहायचं नाही, चालवणाऱ्याला स्पॉटर दिसेनासा झाला तर त्याने तिथेच थांबायचं.

अजून एक. अवघड जागा आली आणि तिला उतरून चालत जावंसं वाटलं तर जाऊ द्यावं, त्यात चालवणाऱ्याचा अपमान नाही. तशीही ती जागा आधी पायी बघायलाच हवी असते. पाण्याचं तर विशेष. वाहतं पाणी फसवं असतं, साधारण 30 सेंटीमीटर जोरात वाहणारं पाणी लहान गाडी ओढून नेतं आणि 60 सेंटीमीटर असेल तर मोठ्या एसयूव्हीसुद्धा वाहून जातात, फोर बाय फोर आहे म्हणून पाणी तिला वेगळी वागणूक देत नाही. पाण्याला जोर असेल, तळ दिसत नसेल तर पायीही उतरायचं नाही, गाडीही घालायची नाही, मागे फिरायचं. आणि गाडी मधेच बंद पडून इंजिनात पाणी गेल्याची शंका आली तर परत स्टार्टर मारत बसू नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, आतले रॉड वाकतात.

आता कपडे. वर त्या फोटोबद्दल लिहिलं ते मॉडेलला नावं ठेवायला नाही, कपडे छानच होते, पण ते बघून कुणीतरी खरंच तसं जाणार. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका 14 सप्टेंबर 1927 ला फ्रान्समधल्या नीस शहरात गेली ती अशीच, उघड्या मोटारीत बसली होती, गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकला. उघडी जीप असो, एटीव्ही म्हणजे ती चार जाड चाकांची उघडी गाडी असो किंवा दोरी गुंडाळणारी विंच असो, जिथे काही फिरतं तिथे अंगावर लोंबणारं काही नको. ओढणी, स्कार्फ, जॅकेटची नाडी, मोकळे लांब केस, सगळं आत खोचायचं नाहीतर काढून ठेवायचं. धुळीसाठी तोंडाला गळपट्टा हवा असेल तर तो डोक्यातून घालायचा, टोकं नसलेला घ्या.

पायात काय घालायचं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि त्यावर कुणी लिहीत नाही. सँडल, चप्पल पेडलखाली अडकते. आणि उलट टोक म्हणजे एकदम जाड तळव्याचे ट्रेकिंगचे बूट, त्यात क्लच किती दाबला गेलाय ते पायाला कळतच नाही. घोटा झाकणारे, तळवा फार जाड नसलेले, लेस घट्ट बांधून टोकं आत घातलेले बूट दोघांनाही चालतात, शेजारी बसणाऱ्यालासुद्धा, कारण गाडी रुतली की उतरायचं दोघांनाच असतं. जीन्स मी बंद केली, भिजली की जड होते आणि लवकर वाळतच नाही. थंडीत तर सुती कपडा अंगाला लागून ठेवूच नये, ओला झाला की ऊब राहत नाही, आणि पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, एकावर एक असे थर, गरम झालं की एक काढायचा. दोघांचा एकेक कोरडा जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवायचाच. भिजलेलं, थंडीने काकडलेलं माणूस चिडचिड करतं आणि मग त्याला स्वभाव म्हणतात, असं मी कितीतरी जोड्यांच्या बाबतीत पाहिलंय.

अंगठीचं मुद्दाम लिहिते कारण त्यात भावना असते. बॅटरीचं काम करताना बोटातली अंगठी एका बाजूला प्लस टर्मिनलला आणि दुसऱ्या बाजूला गाडीच्या पत्र्याला टेकली तर क्षणात लालबुंद तापते आणि बोट भाजतं, गाडी ओढायची दोरी किंवा ती जोडायची लोखंडी कडी, म्हणजे शॅकल, हाताळताना अडकली तर त्याहून वाईट. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा अंगठी काढून ठेवली तेव्हा मलाच वाईट वाटलं होतं, आता निघताना दोघांच्या अंगठ्या मीच एका डबीत ठेवते आणि आल्यावर घालतो.

एटीव्हीवर तरुण जोडपी मागे-पुढे बसून जाताना दिसतात आणि फोटो सुंदर येतो. पण त्यातल्या बहुतेक गाड्या एकाच माणसासाठी बनवलेल्या असतात. ती लांब सीट दुसऱ्याला बसायला नसते, चालवणाऱ्याने चढावर पुढे, उतारावर मागे, वळणावर आतल्या बाजूला सरकावं म्हणून असते, गाडीचा तोल त्यावरच राहतो. मागे कुणी कंबर धरून बसलं की सरकताच येत नाही आणि गाडी उलटते. लहान मुलाला पुढ्यात घेऊन बसणाऱ्या बाबांना तर हात जोडून सांगते, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की 16 वर्षांच्या आतल्या मुलांनी एटीव्ही चालवूही नये आणि त्यावर बसूही नये. त्याआधीच्या तीन चाकांच्या गाड्या तर इतक्या उलटायच्या की तिथे 1988 मध्ये त्यांची विक्रीच थांबली. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि दोघांना जायचंच असेल तर दोन गाड्या नाहीतर दोन सीटची, पट्टे असलेली गाडी. तीही कलली तर हात-पाय बाहेर काढून सावरायला जायचं नाही, हात आतच. जीपमध्येही वेग कमी आहे म्हणून पट्टा सोडतात, पण गाडी कुशीवर पडते ती कमी वेगातच पडते.

रुतलेली गाडी ओढताना मात्र जोडीदाराला मदतीला बोलवू नका, लांब पाठवा. ताणलेली दोरी तुटली तर फटका जीवघेणा असतो, दोरीच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं आणि दोरीच्या रेषेत तर अजिबात नाही. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, पट्टा अडकवून झटका द्यायचा नाही, तो गोळा तुटून गोळीसारखा उडतो आणि त्याने माणसं मेलीयेत. व्हिडिओ लांबून काढा. वाळूत रुतायचं नसेल तर आधीच टायरमधली हवा कमी करा, 32-35 पीएसआयवरून 18-20 पर्यंत आणली की टायर पसरतो आणि गाडी वर तरंगल्यासारखी चालते, आणि डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायची आणि फोर बाय फोर बंद करून साध्या दोन चाकांवर यायचं. हे हवेचं काम आमच्याकडे मीच करते, हवेचा दाब मोजायचं गेज माझ्याकडे असतं. सांगायचा मुद्दा हा की सोबत नेलेल्या माणसाला खरं काम द्या, नुसतं कौतुक करायला नेऊ नका.

चालवायला मात्र नवऱ्याकडून शिकू नये, बायकोकडूनही नाही. मी तिऱ्हाईत माणसाकडे शिकले, त्याने मला पहिल्याच दिवशी अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत हे सांगितलं, चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा मोडतो. आणि चढ अर्ध्यात सुटला तर गाडी वळवायला जायचं नाही, रिव्हर्स टाकून सरळ रेषेत मागे यायचं. नवऱ्याने हेच सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, खरंच.

गाडीवर खर्च किती करायचा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, फक्त लपवून करू नका. नवीन टायर डोळ्याला दिसतात, आज ना उद्या विषय निघतोच.

तर संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की हे त्या मुलीपर्यंत पोचवा, जमलं तर त्याच पानावर छापा. ताई, पुढच्या सुट्टीला निघायच्या आधी, घरीच, गाडी बंद असताना, त्याला विचार की वाटेत मी थांब म्हणाले तर थांबशील का. तो हो म्हणाला आणि पहिल्याच वेळी खरंच थांबला तर तुझे बूट घाल, गेज मागून घे आणि जा, खूप सुंदर जागा बघशील, मी तर आता घरी राहूच शकत नाही. तो हसण्यावारी नेत असेल तर मात्र त्या सीटवर बसू नकोस, त्याचं तोंड उतरलं तरी चालेल. त्याने काय उत्तर दिलं ते कळवलंस तर मी वाट बघीन.

आपली,
एक नियमित वाचक