रक्षाविसर्जनाला माणसाबद्दल बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बेळगाव भागात रक्षाविसर्जनाच्या सकाळी स्मशानात उभ्या उभ्या श्रद्धांजलीची भाषणं होतात. ही रीत मला फार मोलाची वाटते आणि ती आपण वाया घालवतोय, याचं वाईट वाटतं. मयताची पदं वाचली जातात, ‘मनमिळाऊ स्वभाव’, ‘भरून न येणारी पोकळी’ एवढं म्हटलं जातं. नाव बदललं तरी तेच भाषण चालेल!

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याच्या रक्षाविसर्जनाला असंच चाललं होतं. मग त्याचा पैऱ्यातला, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबणारा, जोडीदार पुढं आला. म्हणाला, “बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरून माझं भात कुजलं, तवा ह्यानं उरलेला तरवा (भाताची रोपं) मला दिल्यान आणि आपलं अर्धं रान पड ठेवल्यान.” पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला हे ठाऊकच नव्हतं. पाठोपाठ शेजारच्या रानातले कन्नड गृहस्थ अर्धं कन्नड, अर्धं मराठीत बोलले. बांधाच्या वादातून बोलणं तुटलेला चुलतभाऊही बोलायला उभा राहिला. दोन वाक्यांनंतर त्याला शब्द फुटेना. त्या मुलानंच जाऊन त्याचा हात धरला.

घरच्या बायका स्मशानात नव्हत्या. म्हणून मी ती भाषणं आठवतील तशी वहीत उतरवली आणि बाराव्याला त्यांना वाचून दाखवली. वही आता त्या घरात आहे.

फेब्रुवारी 1915 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या अंत्यविधीला टिळक बोलले. दोघांचं राजकारण उभा जन्म एकमेकांच्या विरोधात गेलेलं. तरी ‘भारताचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न’ असा त्यांचा गौरव करून टिळकांनी लोकांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं. शंभर वर्षांनंतरही हे आपल्याला माहीत आहे, कारण ऐकणाऱ्यांनी ते लिहून ठेवलं.

दरवर्षी 17 जानेवारीला आपण सीमालढ्यातल्या 1956 च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो, 1 जूनला हिंडलग्यात कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या 1986 च्या हुतात्म्यांना. तिथं सीमाप्रश्नावर बोललं जातं, ते बोललंच पाहिजे. पण हे हुतात्मे घरात कसे होते, काय काम करायचे, कुणाच्या मदतीला धावायचे, हे नव्या पोरांना कोण सांगणार? 1956 ची माणसं पाहिलेले आता मोजकेच उरलेत. 1986 च्या हुतात्म्यांचे सोबती अजून गावात आहेत. यंदा नेत्यांच्या आधी माईक त्यांच्या हातात द्यावा, आणि गावच्या वाचनालयानं त्यांचं बोलणं शब्दशः उतरवून ठेवावं.

आपणांसही एक विनंती. निधनवार्तेत रक्षाविसर्जनाची वेळ आपण छापताच. तिथं कुणी बोललेली मयताची एखादी खरी आठवण घरच्यांनी लिहून पाठवली, तर तिला चार ओळींची जागा द्यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, येळ्ळूर