यंदा नाही गायलीस तरी चालेल

माझ्या बाळा, सलाम.

परवा तुझा फोन ठेवला आणि मी किती वेळ ओट्यापाशीच उभी होते, दूध उतू गेलं तरी कळलं नाही. तू म्हणालीस आई यंदा मी चर्चच्या क्वायरमध्ये गायला उभी राहणार नाही, नाताळची सगळी गाणी बाळाचीच असतात, गव्हाणीतलं बाळ, निजलेलं बाळ, मी तोंड उघडून कशी गाऊ. मला काहीच सुचलं नाही गं, मी आपली जेवलीस का, जावईबापू कसे आहेत, हेच विचारत बसले. म्हणून आता व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांब टाईप करतेय, ऑफिसात नको वाचू, घरी गेल्यावर निवांत वाच.

आधी हे सांगते, नाही गायचं तर नको गाऊ. मी क्वायरमध्ये सांगून ठेवलंय, कारण काही सांगितलं नाही. तू माझ्याजवळ मागच्या बाकावर बस. मंडळीतल्या बायका मायेनेच बोलतात पण बोलता बोलता म्हणून जातात की देवाची इच्छा, वय आहे अजून, होईल दुसरं, आणि मला ते अजिबात पटत नाही. तीन महिने का होईना ते आपल्या घरातलं माणूस होतं. बायबलच्या १३९ व्या स्तोत्रात आहे बघ, मला अजून आकारही आला नव्हता तेव्हा तुझ्या डोळ्यांनी मला पाहिलं. हे मी किती वर्षं वाचत आले पण सप्टेंबरात आपलं बाळ पोटातच गेलं त्यानंतर वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. आपल्या बाळाला आपण कोणीच पाहिलं नाही, पण देवाने पाहिलंय. मला तेवढाच आधार आहे आणि तो मी घट्ट धरून बसलेय.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू होऊन पहिली जांभळी मेणबत्ती लागली त्या दिवसापासून मी रोज पहाटे चहाच्या आधी स्तोत्रं वाचतेय. आगमनकाळात आपण यशया वाचतो, लूक वाचतो, पण यंदा मला स्तोत्रंच वाचावीशी वाटली कारण तिथे रडणारी माणसं आहेत. १३ वं बघ, सुरुवातीलाच देवाला चार वेळा विचारलंय की किती काळ, किती काळ, मला कायमचा विसरलास का. आपण असं बोललो असतो तर आजीने तोंडावर हात ठेवला असता, आणि इथे तर ते चक्क बायबलमध्ये छापलंय. ८८ वं तर त्याहून जड आहे, बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी कुठेतरी वळतात, थोडा उजेड येतो, हे मात्र वळतच नाही, अंधारावरच संपतं. पूर्वी मी ते सोडून पुढे जायचे. पण पाळकसाहेबांनी एकदा बायबल स्टडीत सांगितलेलं आठवलं, हिब्रूत या पुस्तकाचं नाव तहिल्लीम, म्हणजे स्तुतिगीतं. एकशे पन्नास स्तोत्रांच्या या पुस्तकाला नाव स्तुतीचं आणि त्यात ८८ वंही आहे, कोणी काढून टाकलं नाही! मग तू रात्री उशीत तोंड खुपसून देवाला जे बोलतेस ना, भांडतेस, ते पण त्याच वहीत जातं असं मला वाटतं. तू म्हणालीस माझी प्रार्थनाच बंद झालीये, मला नाही तसं वाटत.

मामाची द्राक्षबाग आठवते का, २०२३ ची? नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, निफाडला गारपीट झाली. आपण दुसऱ्या दिवशी गेलो तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जीव लावून वाढवलेली बाग, ज्वारीच्या दाण्याएवढे मणी धरलेले, ते सगळे खाली चिखलात, पानांच्या चिंध्या, काड्यांवर गारांचे पांढरे वण. मामा एकेका काडीवरून अंगठा फिरवत चालला होता, बोलत काहीच नव्हता. आणि पुढच्याच रविवारी आगमनाचा पहिला रविवार, आणि वाचन कुठलं तर ८० वं स्तोत्र! मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, तू द्राक्षवेल आणलास, जमीन साफ करून लावलास, मग त्याचं कुंपण का मोडलंस, रानडुकरं येऊन नासधूस करतात, स्वर्गातून खाली बघ आणि या वेलाकडे लक्ष दे. त्यातच अश्रूंची भाकर असा शब्द आहे. मामा माझ्या पुढच्या बाकावर होता, त्याचे खांदे हलताना दिसले. तो म्हणाला ताई, हे लिहिणाऱ्याला बाग माहिती होती. हे वाक्य मी विसरणार नाही.

त्याची बाग पुढे परत धरली म्हणून तुझंही तसंच होईल असं मी म्हणत नाहीये हां. घड आणि बाळ एक नसतं. मी एवढंच सांगतेय की ते स्तोत्र बाग मोडलेली असतानाच गायलं गेलं, सगळं ठीक झाल्यावर नाही, आणि त्यात तीन वेळा तीच ओळ येते, आम्हाला परत उभं कर, तुझं मुख आमच्यावर उजळू दे. दर वेळी देवाला हाक मारताना नाव आणखी लांब होत जातं. लहान मूल आई, अगं आई, ऐक ना गं आई करतं तसं.

आणि गेल्या वर्षी डिसेंबरात मी मामीकडे राहिले होते तेव्हाची रात्र सांगते. पारा इतका उतरला होता की मामाने बागेत ओळीओळीने शेकोट्या पेटवल्या, धूर डोळ्यात जात होता, पहाटे ड्रिप सोडलं, आम्ही तिघं शाली गुंडाळून बांधावर बसलो. पहाटे चार ते सहा थंडी अशी की बोटं वळत नव्हती. मामा सारखा विचारायचा किती वाजले. उजाडेल का असं एकदाही विचारलं नाही त्याने, फक्त किती वाजले. १३० व्या स्तोत्रात पहारेकरी पहाटेची वाट बघतात ते दोनदा लिहिलंय, मला तेव्हा कळलं दोनदा का.

पंडिता रमाबाईंची मनोरमा १९२१ ला गेली, एकुलती एक मुलगी, आणि बाई स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. मधल्या त्या महिन्यांत केडगावला बसून बायबलचं साधं मराठी भाषांतर करायचं काम त्यांनी सोडलं नाही. त्यातली स्तोत्रं तपासताना त्यांना काय वाटलं असेल हे माझ्या मनात सारखं येतं.

एक ४२ वं तेवढं वाचून ये. माझ्या जिवा, तू का खचलास, देवाची आशा धर, मी अजून त्याची स्तुती करीन. करीन म्हटलंय बघ, करतो नाही म्हटलं. ज्याने लिहिलं त्यालाही त्या दिवशी गाता येत नव्हतं, त्याने गाणं पुढे ठेवलं. तूही ठेव. यंदा आम्ही गाऊ, तुझ्या वाटणीचं पण गाऊ.

शनिवारी पंचवटी एक्सप्रेसने येताय ना दोघं? मी नाशिकरोडला येते, पप्पा रिक्षा सांगून ठेवतील. करंज्यांचं सारण करून ठेवलंय, भरायला तू बस माझ्याबरोबर, नाही बसलीस तरी चालेल. जाड स्वेटर आण, इथे फार गारठा आहे.

तुझी आई