घरकुलांसाठी जागा निवडताना शेजाराचाही विचार व्हावा : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री,
कोल्हापूर जिल्हा यांस,

सादर नमस्कार.

मी मंगळवार पेठेत वाढलो. वडील उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा पुढे काय करायचे असते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. गल्लीच्या तोंडाशी राहणारे, बांधकाम खात्यातले एक ओव्हरसियर संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसत. त्यांनी गुण विचारले आणि "डिप्लोमाचे अर्ज शनिवारपर्यंतच घेतात, उद्या दाखले घेऊन घरी ये," असे सांगितले. त्यांनी पैसे दिले नाहीत की वशिला लावला नाही. दिली ती माहिती, आणि हे आपल्यालाही जमेल असा धीर. वडिलांचे फौंड्रीतले सोबती जिवाला जीव देणारे होते, परंतु त्यांच्यापैकी एकालाही ती तारीख ठाऊक असणे शक्य नव्हते.

अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले संशोधन वाचताना मला तो कट्टा आठवला. अमेरिकेतील सुमारे ७ कोटी २० लाख फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्रीचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की, गरीब घरातील मुले सधन घरातील मुलांइतक्याच सधन स्नेह्यांच्या परिसरात वाढली, तर मोठेपणी त्यांचे उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी अधिक असण्याची शक्यता दिसते. वस्तीतला आपसातला घट्ट एकोपा मोलाचा असला, तरी आर्थिक उन्नतीशी त्याचा तितका संबंध आढळला नाही. अमेरिकेचे आकडे कोल्हापूरला जसेच्या तसे लागू होतील असे मी म्हणत नाही, पण त्यांतला विचार या शहराला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवले. वेगळी शाळा चालू ठेवणे अधिक सोपे होते, तरीही त्यांनी तसे केले नाही.

म्हणून प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात आपल्या जिल्ह्यातील घरकुलांच्या जागा ठरतील, तेव्हा केवळ जमिनीचा दर पाहिला जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शहराच्या कडेला एकाच उत्पन्नगटाच्या इमारती उभ्या केल्या, तर कुटुंबाला पक्के छप्पर मिळेल, परंतु मुलाला कट्ट्यावर भेटणारा तो ओव्हरसियर मिळणार नाही. पेठांमधल्या आणि राजारामपुरीसारख्या भागांतल्या शासकीय व महापालिकेच्या मोकळ्या जागा आधी तपासाव्यात, तेथे लहान लहान इमारती बांधाव्यात, आणि त्यासाठी लागणारा वाढीव खर्च हा मुलांच्या शिक्षणावरचाच खर्च समजावा.

मात्र शेजारी राहिले म्हणजे ओळख होतेच असे नाही. त्याच संशोधनानुसार गरीब आणि सधन यांच्या मैत्रीतली दरी निम्मी एकमेकांच्या सहवासात न आल्यामुळे, तर निम्मी एकत्र असूनही मैत्री न झाल्यामुळे असते. आमच्याकडे हे काम तालमीने केले. फुटबॉलच्या संघात, गणपतीच्या मांडवात डॉक्टरांचा मुलगा आणि हमालाचा मुलगा खांद्याला खांदा लावून राबले. पण तालमीचा कट्टा मुलींचा कधीच नव्हता. माझी बहीण माझ्यापेक्षा हुशार होती आणि तिला त्या संध्याकाळी कोणीही गुण विचारले नाहीत. हे आजही मनाला लागून राहिले आहे. यासाठी प्रत्येक प्रभागात, रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी, मुलामुलींना समान मोकळीक असणारी सार्वजनिक अभ्यासिका हवी, आणि तिथे आठवड्यातून एकदा त्याच प्रभागातील अभियंते, परिचारिका, बँक कर्मचारी, लघुउद्योजक यांनी येऊन बसावे, अशी व्यवस्था जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून करता येईल.

समितीच्या येत्या बैठकीत हे दोन्ही विषय चर्चेला घ्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
मंगळवार पेठेतील एक रहिवासी