मिरजेत भेटलेल्या सगळ्यांचे आभार, नावं विचारायची राहिली

आमच्या साडेतीन वर्षाच्या पोराचं हर्नियाचं ऑपरेशन मिरजेत झालं, आता सांगलीत घरी आलाय आणि सोफ्यावरनं उड्या मारू नको म्हणून आम्ही ओरडतोय, म्हणजे बरा आहे. पण काही लोकांचे आभार मानायचे राहिलेत.

पहिलं त्या सिस्टरचं. दूध-खाणं 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं हे सगळेच सांगतात हो, पण भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं हे तिनं नीट समजावलं, मग त्याच्या आज्जीनं पदराआड लपवलेलं बिस्कीट गुपचूप परत पिशवीत गेलं.

भूलवाल्या मॅडमनी मास्क आधी त्याच्या अस्वलाला लावला, मग म्हणाल्या आता तू फुगा फुगव, आणि साहेब फुगवत फुगवतच झोपले.

खरी घाबरगुंडी नंतर उडाली. शुद्धीवर आल्यावर असा किंचाळायला लागला की आईलाही ओळखेना, लाथा काय, बोचकारणं काय, बायको रडायलाच लागली. वॉर्डातल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, भूल उतरताना बारकी पोरं असं करत्यात, दिवा बंद करा नि जवळ घ्या. थोड्या वेळानं खरंच निवळला.

शेजारच्या बेडवर अथणीकडच्या आज्जी होत्या, मराठी जेमतेम, पण बायकोला बळंच दोन घास भरवले. रिक्षावाले मामा प्रत्येक स्पीडब्रेकरला रिक्षा जवळजवळ थांबवतच होते, वर जादा पैसे पण घेईनात.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आणि अस्वल वॉर्डातच राहिलंय, कुणाला दिसलं तर तिथल्या पोरांना खेळायला राहू द्या.