थंड समुद्रातले जीवाणू आणि आपली ‘प्रजाती’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञानविषयक पानावर गेल्या आठवड्यात ध्रुवीय समुद्रांतील जीवाणूंविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले. असा विषय कोल्हापूरच्या वाचकांसमोर यावा, याचा आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला आनंदच झाला. परंतु त्या टिपणात ‘जीवाणू’ आणि ‘विषाणू’ हे शब्द एकाच परिच्छेदात आलटूनपालटून वापरले आहेत आणि ‘शीतप्रिय जीवाणूंची प्रजाती’ असा उल्लेख तीन वेळा आला आहे. पहिली चूक मुद्रितशोधनाची म्हणून सोडून देता येईल. दुसरी समजुतीची आहे आणि ती इतर वृत्तपत्रांतही नेहमी दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठी जीवशास्त्राच्या परिभाषेत ‘जीनस’ला प्रजाती आणि ‘स्पीशीज’ला जाती म्हणतात. एका प्रजातीत अनेक जाती असतात. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ हा शब्द स्पीशीजसाठी रूढ झाला आहे आणि तोच अर्थ घेऊन तो आपल्या बातम्यांत शिरला आहे. ‘जात’ या शब्दाला आपल्याकडे जे सामाजिक ओझे आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याला तो टाळावासा वाटतो, हेही मी समजू शकतो. पण ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापले, की एखाद्या घरात नवे मूल जन्मले एवढी बातमी ‘नवे घराणेच उदयाला आले’ अशी होऊन बसते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ‘शीतप्रिय’ हे जीवाणूंच्या जातीचेही नाव नाही आणि प्रजातीचेही नाही. रिचर्ड मोरिता यांनी १९७५ साली केलेली व्याख्या आजही पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते: ज्यांची वाढ १५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला सर्वांत चांगली होते, २० अंशांच्या वर होत नाही आणि शून्य अंशालाही थांबत नाही, ते शीतप्रिय. जे थंडीत वाढतात पण ज्यांना ऊबही चालते, ते शीतसह. ही राहणीची वर्णने आहेत, वंशाची नाहीत. आर्क्टिक समुद्राच्या तळाच्या गाळातून मिळालेला कोलवेलिया सायक्रेरिथ्रिया आणि समुद्रातील बर्फात राहणारे पोलॅरिबॅक्टर हे दोघेही थंडीतले खरे, पण पहिला स्यूडोमोनाडोटा या संघातला आणि दुसरे बॅक्टेरॉयडोटा या संघातले. त्यांच्यातले नाते आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायच्या आणि कोलवेलियाच्या नात्यापेक्षा कितीतरी दूरचे आहे. गंगावेशीतल्या तालमीच्या हौद्यात उतरणारे सगळे एकाच घरचे असतात, असे कोल्हापुरात कोणी म्हणणार नाही.

हे जीवाणू पाहायला अंटार्क्टिकाला जावे लागत नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी मासळी बाजारातून बर्फाच्या खोक्यातले पाणी निर्जंतुक बाटलीत आणले होते. रत्नागिरीहून घाट चढून आलेल्या सुरमईचे ते पाणी. त्यातले जीवाणू वाढवण्यासाठी पोषक द्रव्याच्या प्लेटा करून अर्ध्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये आणि अर्ध्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरमधल्या प्लेटा भरून गेल्या आणि फ्रिजमधल्या कोऱ्याच राहिल्या, तेव्हा मुलांनी त्या टाकून द्यायची तयारी केली होती. मी थांबवले. नवव्या दिवशी त्यांच्यावर फिकट, किंचित गुलाबीसर वसाहती उमटल्या. त्यातली एक वसाहत सुईने ट्रिपल शुगर आयर्न अगारच्या नळीत टोचली, तेव्हा नळीचा तळ डांबरासारखा काळा पडला. हायड्रोजन सल्फाइडची ही खूण. नळीचे बूच काढल्यावर जो वास आला, तो शिळी मासळी विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखाच परिचित असतो.

आमच्या ग्रंथालयातल्या जुन्या संदर्भग्रंथाप्रमाणे मुलांनी जर्नलमध्ये ‘स्यूडोमोनास पुट्रिफेसिन्स’ असे लिहिले. बहिःस्थ परीक्षकांनी त्यावर तांबड्या शाईने काट मारून ‘शेवानेला’ लिहिले आणि गुण कापले. मुलांना ते अन्यायाचे वाटले, कारण चाचण्या तर सगळ्या बरोबर होत्या. तेव्हा मी त्यांना या जीवाणूच्या नावांची जी हकिगत सांगितली, ती आपल्या वाचकांसाठी पुन्हा सांगतो, कारण वर्गीकरण कसे चालते याचे तिच्याइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१९३१ साली डर्बी आणि हॅमर या अमेरिकी संशोधकांना हा जीवाणू प्रथम मिळाला तो माशात नव्हे, तर वरून वास मारणाऱ्या लोण्यात (दुधाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपण हे लक्षात ठेवायला हरकत नाही). त्यांनी त्याला ॲक्रोमोबॅक्टर म्हटले. पुढे शेपटीसारखी कशाभिका आणि ऑक्सिडेज चाचणी यांच्या आधारे त्याला स्यूडोमोनासमध्ये टाकण्यात आले. मग डीएनएची घडण मोजता येऊ लागली. स्यूडोमोनासच्या डीएनएत ग्वानिन आणि सायटोसिन यांचे प्रमाण साधारण साठ टक्के किंवा त्याहून अधिक असते, आणि याच्यात ते पन्नाशीच्याही खाली निघाले. एवढी तफावत एका प्रजातीत बसत नाही, म्हणून त्याची रवानगी समुद्री ऑल्टेरोमोनासमध्ये झाली. अखेर १९८५ साली मॅकडोनेल आणि रिटा कोलवेल यांनी रायबोसोममधील (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतील) आरएनएचा अनुक्रम तपासून त्याच्यासाठी शेवानेला ही स्वतंत्र प्रजाती केली. मासे बर्फात का नासतात याचा स्कॉटलंडमध्ये अभ्यास करणारे जेम्स शेवान यांच्या सन्मानार्थ हे नाव आहे. त्याच रिटा कोलवेल यांच्या सन्मानार्थ १९८८ साली कोलवेलिया ही प्रजाती स्थापन झाली. साडीच्या घड्यांतून पाणी गाळून कॉलरा निम्म्याच्या आसपास कमी करता येतो, हे बांगलादेशातील खेड्यांत सिद्ध करणाऱ्या संशोधिका त्याच. १९९८ साली शेवानेला पुट्रिफेसिन्स या जातीतूनही शेवानेला बाल्टिका ही जाती वेगळी काढली गेली, आणि बर्फात ठेवलेल्या डेन्मार्कच्या माशांत हायड्रोजन सल्फाइड तयार करणारा मुख्य जीवाणू हीच असल्याचे पुढे दिसले. ती ३७ अंशांवर वाढत नाही. म्हणजे आमच्या फ्रिजमधल्या प्लेटेवर नेमके कोण होते, हे परीक्षकांच्या तांबड्या शाईनेही पूर्ण सांगितले नव्हते.

आज जाती ठरवण्याची मापे अधिक काटेकोर आहेत. रायबोसोममधील १६एस या आरएनएच्या सुमारे दीड हजार अक्षरांच्या जनुकात साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल, तर दोन जीवाणू वेगळ्या जातींचे मानायला हरकत नसते. ते त्याहून अधिक असेल, तर संपूर्ण जनुकसंच ताडून पाहतात आणि सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या वर असेल तर एकच जाती धरतात.

येथे एखादा वाचक विचारील, की थंडीत जगण्याची क्षमता हाच ज्यांचा ठळक गुण, त्यांचे वर्गीकरण त्या गुणाच्या जनुकांवरूनच का करू नये? याचे उत्तर आनुवंशिकीने दिले आहे. थंडीने पेशीचे पटल आखडते. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल बाटलीत गोठते आणि शेजारचे शेंगतेल पातळच राहते. फरक असंतृप्त मेदाम्लांचा असतो. थंडीतले जीवाणू पटलात हीच असंतृप्त मेदाम्ले वाढवतात, पण प्रत्येक वंशाची रीत निराळी: काही जीवाणू तयार मेदाम्लात दुहेरी बंध घालतात, तर शेवानेला आणि कोलवेलियासारख्यांकडे लांब असंतृप्त साखळी मुळापासून बांधणारा वेगळाच जनुकगट असतो. अंटार्क्टिकाच्या फ्रेंच तळाजवळच्या समुद्रातील स्यूडोऑल्टेरोमोनास प्रजातीच्या टीएसी१२५ या वाणाचा (वाण म्हणजे एका जातीतला वेगळा ओळखला जाणारा वंश) जनुकसंच २००५ साली वाचला गेला. त्याला दोन गुणसूत्रे आहेत, एक मोठे आणि एक लहान. शून्य अंशाच्या पाण्यात प्राणवायू २५ अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून अधिक विरघळतो आणि त्यातून घातक रेणू तयार होतात. या जीवाणूने मॉलिब्डेनमवर चालणारी, असे रेणू निर्माण करणारी विकरे (एन्झाइम) आपल्या जनुकसंचातून काढूनच टाकलेली दिसतात. शीतप्रिय होण्यासाठी काही मिळवावेच लागते असे नाही, काही सोडावेही लागते.

बर्फाला चिकटून त्याच्या स्फटिकांची वाढ रोखणाऱ्या प्रथिनांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. अशा प्रथिनांचा एक मोठा गट कोलवेलियात आढळतो, तसाच बर्फातल्या डायटम शैवालांत आणि काही कवकांतही आढळतो. जीवाणू, शैवाल आणि कवक यांचा अलीकडचा समान पूर्वज संभवत नाही. ही जनुके एका जीवाकडून दुसऱ्याकडे उसनी गेली आहेत. उसन्या मालावरून घराणे ठरवायला निघालो, तर डायटम आणि जीवाणू एकाच पंगतीत बसतील. म्हणूनच वंश ठरवताना रायबोसोमसारखी, सहसा उसनी न दिली जाणारी जनुके पाहतात आणि थंडीची जनुके वंशवृक्षावर नंतर मांडतात.

वर उल्लेखिलेल्या टीएसी१२५ची जातीही नव्या तपासणीत बदलली. स्यूडोऑल्टेरोमोनास हॅलोप्लँक्टिस म्हणून जगभर अभ्यासले गेलेले हे वाण आता स्यूडोऑल्टेरोमोनास ट्रान्सल्यूसिडा या जातीत धरले जाते. आपल्या टिपणात ‘शास्त्रज्ञांनाही नाव ठरवता येत नाही’ असा जो उपहास आहे, तो येथे चुकतो. जनुकसंच हाती आल्यावरही जुनेच नाव चालवले असते, तर तो हलगर्जीपणा ठरला असता.

आपल्या देशातही हे काम होते, हे टिपणात यायला हवे होते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन बेटांजवळच्या थंड समुद्रातील मरिनोमोनास पोलॅरिस या जातीचे वर्णन २००६ साली प्रसिद्ध केले. ध्रुवीय मोहिमांची व्यवस्था पाहणारे राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्कोला आहे, म्हणजे कोल्हापूरहून एका दिवसाच्या प्रवासावर. नव्या जातीचे नाव अधिकृत होण्यासाठी तिचे जिवंत वाण दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत जमा करावे लागते, आणि असा एक मोठा संग्रह पुण्यात आहे.

तेव्हा विनंती एवढीच, की यापुढे अशा मजकुरात ‘स्पीशीज’साठी जाती आणि ‘जीनस’साठी प्रजाती हे शब्द वापरावेत, जीवाणूचे नाव पहिल्या उल्लेखात दोन्ही शब्दांसह पूर्ण द्यावे आणि संशोधन एखाद्या विशिष्ट वाणावर झाले असेल तर त्याचा क्रमांकही छापावा. गेल्या आठवड्याच्या टिपणातील ‘कोलवेलिया विषाणू’ या उल्लेखाची दुरुस्ती त्याच पानावर यावी; शाळकरी मुले ते पान कापून वहीत चिकटवतात.

आपला नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
राजारामपुरी, कोल्हापूर