सुहासच्या पोरीचं मसावि-लसावि

धरमपेठ, नागपूर
10 जून

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. पोरीला मसावि-लसावि (महत्तम साधारण विभाजक नि लघुतम साधारण विभाज्य) काढता येतात, पण शाब्दिक उदाहरण आलं की कोणतं काढायचं यावर अडते म्हणतोस. अबे, तिचा काय दोष? उभी मांडणी घोटून घेतात, पण ती कशासाठी ते सांगायला कुणाला वेळ नसतो. आमच्या विदर्भात उन्हापायी शाळा जूनअखेर उघडतात, तुमच्या पुण्यात त्याआधीच, म्हणून लगेच लिहितोय.

सध्या वरच्या खोलीत फरशीचं काम चाललंय. खोली 420 सेंमी लांब, 300 सेंमी रुंद. एकही टाइल न कापता चौरस टाइल्स बसवायच्या, तर टाइलची बाजू दोन्ही मापांना पुरती भागणारी हवी. 10 चालेल, 20 चालेल, 30 चालेल. सगळ्यांत मोठी 60. हाच मसावि. सात गुणिले पाच, 35 टाइल्समध्ये खोली भरते. (सांध्यांच्या फटी मिस्त्रीवर सोड.)

हे 60 काढायला मी मूळ अवयव पाडलेच नाहीत. जी टाइल 420 मध्येही पुरती बसते आणि 300 मध्येही, ती त्यांच्या फरकात, म्हणजे 120 मध्येही बसणारच. मग 300 मधून 120 दोनदा काढले, उरले 60. 120 मधून 60 दोनदा काढले, उरलं शून्य. खेळ खलास! ही रीत युक्लिडनं सुमारे 2300 वर्षांपूर्वी लिहून ठेवली. इ.स. 499 च्या सुमाराची आर्यभटाची कुट्टक रीतही (समीकरणांची पूर्णांकातली उत्तरं काढायची) अशाच लागोपाठच्या भागाकारांवर चालते. माझं विचारशील तर पोरांना आधी हीच शिकवावी. मोठ्या संख्यांचे मूळ अवयव शोधता शोधता दम निघतो. आणि गंमत बघ, 420 नि 300 चे जेवढे म्हणून सामाईक विभाजक आहेत, ते सगळे 60 चेच विभाजक.

लसाविसाठी पंचांग काढ. पाडव्याला नव्या संवत्सराचं नाव वाचतो ना आपण? ती नावं साठ. आता हाच आकडा ग्रहांत बघ. गुरूची राशिचक्रातली फेरी साधारण 12 वर्षांची, शनीची 30. दोघं एका जागेहून निघाले तर तिथेच पुन्हा कधी भेटतील? 60 वर्षांनी: गुरूच्या पाच फेऱ्या, शनीच्या दोन. (खरे आकडे 11.86 आणि 29.46, त्यामुळे आकाशात गाठ थोडी चुकते.) पुढच्या भेटी 120, 180 अशाच. मध्येच कधी त्याच जागी भेटले असते, तर आधीच्या भेटीपासून साठाच्या आतच गाठ पडली असती, आणि मग 60 हा सगळ्यांत लहान सामाईक पट कसला?

तेव्हा तिला विचारायला सांग: इथे दोन मापांचे सारखे तुकडे पाडायचेत, की दोन फेऱ्यांची गाठ घालायचीय? तुकडे असतील तर मसावि, गाठ असेल तर लसावि. बाकी हिशेब तिला येतोच.

दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे मसावि गुणिले लसावि, हे ती पाठ करेलच. 12 गुणिले 30 म्हणजे 360, आणि 6 गुणिले 60 सुद्धा. पण तीन संख्यांना हे लावू देऊ नकोस. 6, 10, 15 घे: लसावि 30, मसावि 1, आणि गुणाकार 900! कोणतीही जोडी उचल, सामाईक अवयव सापडतो. तिघांत मिळून मात्र 1 सोडून काहीच नाही. अशी दुसरी तिकडी तिला सापडते का बघ, आणि सापडली की कळव.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद