बाबा, तो ग्रुप सोडू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "आता मी त्या ग्रुपवर काही लिहिणार नाही. बाहेरच पडतो. माझ्या एकट्याच्या बोलण्याने काय होणार आहे?" मी "बरं" म्हटलं आणि विषय बदलला. ते "बरं" दोन दिवस मला टोचतंय, म्हणून हे पत्र.

कुणीतरी एका समाजाबद्दल वाटेल ते लिहिलेला मेसेज पुढे ढकलला होता. बाबा, तुम्ही भांडला नाहीत, एवढंच विचारलंत, "हे खरं आहे का? कुठून आलं?" कुणीच उत्तर दिलं नाही. एकाने तेवढं 'इथे वाद नकोत' असं लिहिलं आणि तुम्हाला वाटलं, आपण एकटे पडलो. पण त्याच रात्री आपल्या नात्यातल्या एका मुलीने मला लिहिलं, 'काकांनी विचारलं ते फार बरं झालं. मला वाटायचं, हे फक्त मलाच खटकतं.' तुम्हाला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. राहून गेलं.

1950 च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या रेषांपैकी दिलेल्या रेषेएवढी कोणती, हे ओळखायचं. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसायचं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. खरी परीक्षा एकाचीच असायची, आणि अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या बाजूने जायची. मग अ‍ॅश यांनी त्या ठरवलेल्या लोकांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी काही बदललं नाही, तरी गर्दीमागे जाणं आधीच्या जवळपास एक चतुर्थांशावर आलं. बहुमत तसंच राहिलं, फक्त ते एकमत राहिलं नाही. बाबा, त्या ग्रुपवर तुम्ही नेमकं हेच केलंत.

आणि आई, तू कायम म्हणतेस, "मी आयुष्यभर घर सांभाळलं, समाजाचं काय केलं?" आपल्याकडे साफसफाईला येणाऱ्या बाईंना तू 'अहो' म्हणायचीस. त्या आल्या की त्यांना आपल्याच खुर्चीवर बसायला सांगायचीस. त्यावर तू कधी काही समजावलं नाहीस, पण माणसांना 'अरे-तुरे' करायचं ठरवताना त्यांचं काम बघायचं नसतं, हे मी तिथेच शिकले. आज ऑफिसच्या मीटिंगमध्ये नव्या मुलीचं बोलणं कुणी तोडलं, की मी म्हणते, "त्यांचं पूर्ण होऊ द्या." पहिल्यांदा म्हणताना आवाज कापला होता. त्याआधी कितीतरी वेळा मी गप्प बसले होते, त्याचं वाईट वाटतं. मागच्या महिन्यात मात्र ते वाक्य माझ्याआधी दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं.

हल्ली मी एलिझाबेथ हेरिक यांच्याबद्दल वाचतेय. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या, गुलामीविरुद्ध झटलेल्या. तिथल्या संसदेने 1791 मध्ये गुलामांच्या व्यापारावरची बंदी फेटाळली, तेव्हा लाखो लोकांनी गुलामांच्या श्रमांवर पिकलेली साखर घरात आणणं सोडलं. बायकांना मत नव्हतं, पण घरात काय आणायचं हे बऱ्याच अंशी त्यांच्या हातात होतं. व्यापार 1807 मध्ये बंद झाला, तरी गुलामी चालूच राहिली. मग 1820 च्या दशकात, पन्नाशी ओलांडलेल्या हेरिकबाई दारोदार फिरल्या. साखर घेऊ नका, एवढंच सांगत. मोठे पुढारी 'हळूहळू' मुक्तीची भाषा करत होते, तर 1824 च्या पुस्तिकेत या बाईंनी 'ताबडतोब' म्हटलं. नुसत्या साखरेने गुलामी गेली असं मी म्हणणार नाही. गुलामांनी स्वतः बंडं केली, जीव दिले, ते विसरून कसं चालेल? पण लोकांच्या मनात ती गोष्ट लाजिरवाणी ठरायला घराघरातल्या या नकाराचा हातभार लागला. गुलामी संपवणारा कायदा 1833 मध्ये झाला. हेरिकबाई 1831 मध्येच गेल्या होत्या.

त्या पानाशी मी बराच वेळ थांबले. तुमच्या वयाची आठवण झाली, खोटं कशाला बोलू? तुम्ही दोघं जे करत आलात त्याचं फळ तुमच्यासमोर येईल की नाही, मला माहीत नाही. पण काही तरी माझ्यापर्यंत आलंय, आणि त्या मुलीपर्यंतही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून बाबा, ग्रुप सोडू नका. रोज लिहा असं नाही, तब्येत सांभाळूनच. पण पुन्हा तसा मेसेज आला तर तेच दोन प्रश्न विचारा. खाली मी लिहीन, 'मलाही हेच विचारायचंय.' त्या मुलीशी काल बोलले. ती म्हणाली, "ताई, तुझ्यानंतर मी."

तुमची लेक